दोन तास उशिरा बोलणारी कुपी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. लिंबाएवढी, खाली उघडं तोंड आणि पोटात घोटभर रंगीत पाणी. बेलेम शहरात, झुरेमाबाईंच्या घरी, पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या पेटीत मी आतल्या काचेला चिकटून राहते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते रंगाने सांगणं, एवढंच माझं काम. कमी असला की मी निळी होते, आणि झाडं उपाशी आहेत असं समजायचं. जास्त झाला की पिवळी होते, म्हणजे माशांचा श्वास कोंडतो आहे. हिरवी असले की सगळे सुखात. माझी भाषा एवढीच आहे, आणि माझ्या घरातल्या माणसांना ती चांगली येत होती.

मला घडवलं ते झुरेमाबाईंचे यजमान ओलावो यांनी. प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या फुंकण्यात त्यांची सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहीनात. त्यात बाईंच्या पेटीतली झाडं कोमेजू लागली. त्यांना वायू द्यायचा तर तो मोजायलाही काहीतरी हवं, म्हणून त्यांनी ज्योत पेटवली. तीन कुप्या तडकल्या. चौथी मी.

"घे म्हातारे," ते बाईंना म्हणाले, "तुझ्या माशांना घरचा डॉक्टर आणलाय."

"डॉक्टर कसला! तुझ्यासारखीच ढेरपोटी आहे ही," बाई म्हणाल्या आणि मला अलगद पाण्यात लावलं. त्या दिवशी दोघं किती हसली होती!

माझ्यात एक खोट आहे, ती मी लपवणार नाही. पेटीतलं पाणी आणि माझ्या पोटातलं पाणी यांच्यामध्ये हवेचा एक थर आहे. पाण्यातला वायू तो ओलांडून माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. मी जे सांगते ते दोन तासांपूर्वीचं असतं. ओलावोंना हे ठाऊक होतं, आणि बाईंनी तर ते मनावर कोरून ठेवलं होतं. सकाळी पेटीवरचा दिवा लावायच्या तासभर आधी त्या वायूच्या नळकांड्याची चावी उघडत आणि सेकंदाला एक बुडबुडा येतो ना, हे ओठ हलवत मोजत. संध्याकाळी दिव्याबरोबर वायूही बंद, कारण अंधारात झाडं तो घेत नाहीत. गाळणीच्या नळीचं तोंड बाई पाण्याच्या किंचित वर ठेवत, म्हणजे धार पडून पाणी हलतं राहतं आणि जादा वायू उडून जातो. दर महिन्याला माझं रंगीत पाणी बदलत. पेटीपाशी आल्या की आधी मासे बघत, मग मला. पाहुणे म्हणत, "केवढीशी कुपी आणि केवढी हुशार!" मी फुगून जायचे.

पेटीत अकारा माशांची एक जोडी होती. उंच पंखांची, संथ चालीची. त्यांनी दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा स्वतःच खाऊन टाकली. जूनमध्ये तिसऱ्यांदा रुंद पानावर अंडी चिकटली, आणि या खेपेला आईबाप पंखांनी वारा घालत पानापाशी पहारा देऊ लागले. नेमकं त्याच आठवड्यात बाईंना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात जायचं होतं.

पिशवी खांद्याला लावून त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या. "ओलावो, मला त्या सुऱ्यांची भीती नाही रे. एवढी अंडी सांभाळ. पिल्लं पोहायला लागली की मी आलेच समज."

"अगं, मी काय परका आहे? जा निवांत," ओलावो म्हणाले.

तो गुरुवार होता आणि विश्वचषकाचा सामनाही होता. दवाखान्यातून घाईने परतलेल्या ओलावोंच्या हातून चावी जरा जास्त उघडली गेली, आणि सामना संपता संपता मी पिवळसर झाले. त्यांनी लगेच चावी आवळली, मासे बचावले. पण आपला संघ तीन गोलांनी जिंकला, आणि सामना बघायला आलेल्या बाईंच्या धाकट्या भावाने, तादेउने, नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

मित्रांनो, इकडे सामन्याच्या दिवशी शहाणी माणसंही खुळी होतात. जिंकलेल्या दिवशी जे जे जसं होतं ते ते तसंच लागतं. रविवारी तादेउ गुरुवारचाच, न धुतलेला, संघाच्या रंगाचा पिवळा शर्ट घालून आला, त्याच मोडक्या खुर्चीत बसला, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी.

"दाजी, कुपी हिरवी आहे," तो म्हणाला.

"हिरवीच असायला हवी."

"गुरुवारी पिवळी होती. वाट लावायचीय का संघाची?"

"गप रे. मासे आहेत ते."

"नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे! आणि ताईची शस्त्रक्रिया उद्याच आहे ना? आज जिंकलो तर शकुनच होईल, दाजी."

हा शेवटचा घाव वर्मी बसला. बायको मरणाच्या दारात, आणि माणूस काडीचाही आधार शोधत होता. ओलावोंनी चावी थोडी उघडली. सामन्याचं वर्णन नीट ऐकू यावं म्हणून गाळणीची धारही पाण्याखाली दाबली. अर्धा तास गेला, मी हिरवीच. "अजून थोडी, दाजी." चावी आणखी फिरली. पाणी केव्हाच जड झालं होतं, बुडबुडे मोत्यांच्या सरीसारखे सुटले होते, आणि मी, मेली मंद काच, हिरवीच होते. मला ओरडायचं होतं. पण काचेला रंगाशिवाय तोंड नसतं.

मासे वर आले. पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकू लागले. फक्त अकारांची जोडी पानापाशी थांबली होती, तिरकी होत, पुन्हा सावरत. अंडी सोडून ती वर गेलीच नाही.

"बघा, मासेसुद्धा सामना बघायला वर आले!" तादेउ ओरडला.

सामना लांबला, पेनल्टीवर गेला. आणि तेव्हा मी पिवळी झाले. लख्ख, त्यांच्या शर्टासारखी. ओलावोंनी मला पाहिलं. शेवटचा चेंडू जाळ्यात गेला, गल्लीत फटाके फुटले, आणि ओलावो माझ्याकडे बोट दाखवून टाळ्या पिटत म्हणाले, "बघ, कुपीनेही आपला शर्ट घातला!"

दोघं गल्लीत नाचायला गेले. परत आले तेव्हा पेटीत काहीही हलत नव्हतं. ओलावोंनी चावी बंद केली, बादल्या भरभरून पाणी बदललं, धार उंच केली. सगळं बरोबर केलं, पण वेळ टळून गेली होती. दोन दिवसांनी पानावरची अंडीही पांढरी पडली.

बाईंची शस्त्रक्रिया पार पडली. रोज फोन यायचा आणि रोज ओलावो या पेटीपाशी उभे राहून खोटं बोलायचे. "हो, सुटली पिल्लं. पोहताहेत की! किती म्हणून काय विचारतेस, एका जागी थांबली तर मोजीन ना!" फोन ठेवला की ते खुर्चीत बसून तोंडावर हात घेत. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही यायची.

शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी बाई घरी आल्या. तादेउने दंड धरला होता. त्या आडव्या न होता थेट पेटीपाशी आल्या आणि आधी पाण्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मी निळी होते.

"तेव्हा हिचा रंग काय होता, ओलावो?"

"पिवळा."

"तुला दिसला नाही?"

"दिसला गं. मी टाळ्या वाजवल्या."

बाई रडल्या नाहीत. काचेवर, मी असते तिथे, त्यांनी तळवा टेकवला आणि तो तसाच ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी पेटी असेल तर वायू बेतानेच सोडा, दिव्याबरोबर बंद करा, पाणी हलतं ठेवा. आणि माझ्यासारखीच्या भरवशावर राहू नका. माशांच्या तोंडाकडे आधी बघा. ते वर येऊन धापा टाकू लागले की रंगाची वाट बघू नका. मी खोटं कधी बोलत नाही, पण मी उशिरा बोलते.

बाईंनी मला फेकलं नाही. नवे मासेही आणू दिले नाहीत. चावी बंदच असते. तरी रोज सकाळी त्या भिंतीला धरत पेटीपाशी येतात, आधी पाण्यात बघतात, मग माझ्याकडे. पाण्यात बघण्यासारखं आता कोणी नाही, पण तो क्रम त्यांनी अजून मोडलेला नाही.