तीन रविवारांची हजेरी

मराठी माणूस परदेशात गेला की दोन-चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या मंडळाचा सेक्रेटरी होतोच. गणेशोत्सवाचं मंडळ माझ्याआधी आलेल्यांनी वाटून घेतलं होतं, म्हणून मी नेमबाजीच्या क्लबचा झालो. केलीव्हिल या उपनगरातल्या माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आमची रेंज आहे. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हातात घेतली ती सुटली नाही. माझ्याकडे दोन रायफली आहेत. होत्या, म्हणायला हवं.

सेक्रेटरीचं मुख्य काम म्हणजे हजेरी. कोण आला, किती वाजता आला, किती गोळ्या झाडल्या, सगळं एका जाड वहीत. इथे नव्या सभासदाला स्वतःचं पिस्तूल हवं असेल, तर आधी क्लबच्या पिस्तुलावर ठरावीक वेळा येऊन सराव करावा लागतो, आणि तो तेवढ्या वेळा आला असं सेक्रेटरीने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. त्याशिवाय खरेदीची परवानगी मिळत नाही.

मला या कागदांचा मनस्वी राग होता. क्लबात बॅरी नावाचे सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांच्याशी चहाच्या वेळी माझी हमखास जुंपायची.

"बॅरी, मी टॅक्स भरतो, माझ्यावर साधा पार्किंगचा दंड नाही. गुंड लोक फॉर्म भरत नाहीत. त्यांना कुणाच्या तरी डिक्कीतून मिळतं. थांबायचं फक्त आम्ही! माझा काही हक्क आहे की नाही?"

"इट्स अ प्रिव्हिलेज, मेट. नॉट अ राइट," एवढंच म्हणून ते चहात बिस्किट बुडवायचे. माझं डोकं आणखी तापायचं.

अजित माझा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा मित्र. पॅरामॅटाच्या एका बँकेत आयटीत आहे, राहतो गिरावीनला. तिसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली तेव्हा सहा आठवडे त्याने माझी प्रॉक्सी लावली. सर नाव पुकारत, हा आवाज बदलून "येस सर" म्हणे. म्हणून माझी टर्म वाचली. आमच्या पिढीत प्रॉक्सी लावणं म्हणजे लबाडी नव्हती, मैत्री होती. न लावणाऱ्याला आम्ही वाळीत टाकत असू.

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला मीच त्याला क्लबात आणला. हात स्थिर, नजर चांगली. मग मे महिन्यात पुण्यात त्याचे वडील कोविडने गेले. सीमा बंद. अजितने वडिलांना दिलेला अग्नी मोबाइलवर पाहिला, चुलतभावाने फोन धरला होता. जूनअखेरीस आमचं लॉकडाऊन लागलं. गिरावीन कडक निर्बंधांच्या भागात, डोक्यावर पोलिसांची हेलिकॉप्टरं. मी फोन करायचो, तो म्हणायचा, "मी ठीक आहे रे." मीही "बरं" म्हणून फोन ठेवायचो. ठीक आहे म्हटलं की विचारणाऱ्याची सुटका होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

ऑक्टोबरात रेंज उघडली आणि त्याचा फोन आला.

"दत्ता, माझ्या तीन हजेऱ्या कमी पडतायत. बँकेत सॉफ्टवेअरचं रिलीज चालू आहे, रविवारीपण काम असतं. प्रॉक्सी लाव ना यार."

"घाई काय आहे? पुढच्या महिन्यात ये की."

"चार महिने घरात कोंडलेला माणूस आहे मी. काहीतरी व्हावंसं वाटतं रे. आणि कावीळ आठवतेय ना?"

"नो वरीज," मी म्हणालो. कावीळ आठवत होती.

तीन रविवार मी वहीत त्याचं नाव लिहिलं. वेळ, दहा वाजून दहा मिनिटं. गोळ्या, चाळीस. खरं वाटावं म्हणून एकदा दोन नेम चुकवलेसुद्धा. शुक्रवारी सहीचं पत्र परवाना खात्याला ईमेलने पाठवून दिलं. बॅरींच्या नाकावर टिच्चून काहीतरी केल्याचं समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळी नुकतीच झाली होती. शनिवारी दुपारी अजितची बायको सुखदा फराळाचा डबा घेऊन आली. मास्क काढून अंगणातच बसली. वाळली होती.

"दत्ता, तुझे आभार कसे मानू कळत नाही," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून अजित कुणाशी बोलत नाही. त्यांचे जुने व्हॉइस मेसेज लावून बसतो. जेवायला चार हाका माराव्या लागतात. पण रविवारी सकाळी आंघोळ करून रेंजवर जातो. मागचे तीन रविवार एकदाही चुकला नाही. तू आहेस तिथे, म्हणून मी निर्धास्त असते."

मी हातातली चकली डब्यात परत ठेवली.

"आता पिस्तूल येईल म्हणतो. ते आलं की अजून रमेल, नाही?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मी तिला खरं सांगितलं नाही एवढं आठवतं, आणि त्याची लाज अजून जात नाही. चार महिने मी माझ्या मित्राचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि सरकारला सहीनिशी लिहून दिलं होतं की पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजची चावी बॅरींकडे दिली आणि गिरावीनला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. साडेनऊला अजित निघाला. मी मागोमाग. पॅरामॅटा लेकच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी थांबवली आणि उतरलाच नाही. सीटबेल्टही काढला नाही. पंधरा मिनिटं वाट पाहून मी काच ठोठावली आणि शेजारी जाऊन बसलो.

"आज रेंज नाही?" त्याने विचारलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"अजित, पिस्तूल कशाला हवंय तुला?"

त्याने समोरच्या काचेकडे तोंड फिरवलं. पाण्याकडे पोरं धावत होती, त्यांच्या आया ओरडत होत्या.

"ठरवलं नव्हतं काही," तो म्हणाला. "पण घरात असलं की कधीही ठरवता येईल, असं वाटायचं."

मी त्याचा हात धरला. मग त्यानेच विचारलं, "वहीत काय लिहिलंस माझं?"

"चाळीस गोळ्या. एकदा दोन चुकल्या."

"दोनच?" तो हसला, आणि मग त्याला रडू कोसळलं. "बरं वाटायचं रे. इथे बसून वाटायचं, वहीत तरी मी वेळेवर येतोय."

गुंड फॉर्म भरत नाहीत, हे मी अजूनही म्हणतो. पण या वेळी खोटा कागद गुंडाने केला नव्हता. आणि त्या वहीचा अर्थ मला त्या गाडीत बसून कळला. महिन्यातून काही वेळा कुणीतरी माणसाला समोरून बघतं, त्याचा हात थरथरतो का ते बघतं, कसा आहेस विचारतं. तेवढंच त्या कागदात होतं, आणि तेवढंच मी खोडून टाकलं होतं.

"सही खोटी आहे असं मी उद्या कळवतो," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? तुझं लायसन्स जाईल. रायफली जातील." त्याने डोळे पुसले. "मी अर्ज मागे घेतो. तुझं-माझं राहील. कुणाला कळणारही नाही."

मला मोह झाला. वीस वर्षांची रायफल होती. पण आज मागे घेतलेला अर्ज उद्या पुन्हा करता येतो, आणि माझं पत्र सरकारदरबारी खरं म्हणूनच राहिलं असतं.

"तूच सांगत होतास ना हक्क म्हणून?" तो चिडून म्हणाला. "मग माझा नाही का हक्क?"

"आहे," मी म्हणालो. "पण माझ्या सहीवर नाही."

त्याला घरी नेलं आणि त्याच्यासमोरच सुखदाला सगळं सांगितलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी पात्र होतो. मग तिने डॉक्टरांना फोन लावला.

त्याच आठवड्यात पोलीस येऊन माझ्या दोन्ही रायफली घेऊन गेले. वही आता बॅरींकडे आहे. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. अजितचे उपचार चालू झाले. मी विश्वासघात केला, असं त्याने मला मेसेज करून कळवलं आणि नंबर ब्लॉक केला.

तरी दर रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्या दाराची बेल वाजवू लागलो. पहिले दोन महिने तो दार उघडायचा, एक शब्द न बोलता माझ्याकडे बघायचा आणि दार लावून घ्यायचा. मी गाडीत येऊन बसायचो आणि घरी जायचो. त्याला मी पाहिलेलं असायचं.