गार थेंब

ओट्यावर बसल्या बसल्या शकुबाईनं मान मागं टाकली आणि दगडोबानं तिच्या डाव्या डोळ्यात थेंब सोडला. ती कळवळली.

"लई झोंबतंय. पयलेचे थेंब कसे गार व्हते! तुमी काहून बदलले?"

"डॉक्टरनं सांगितलं," म्हणत दगडोबानं नजर चुकवली. खरं तर तिच्यापुढं नजर चुकवायची आता गरज उरली नव्हती.

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत भुसा उडून तिचे डोळे लाल झाले होते. जवळा बाजारच्या औषधदुकानातून त्यानं थेंब आणले आणि डोळे तासाभरात निवळले. मग काय, डोळा जरा खाजला की थेंब! दर बाजारी रिकामी बाटली दाखवायची, तसलीच भरलेली आणायची. भाजी विसरेल, पण बायकोचे थेंब हा माणूस कधी विसरला नाही. गल्लीतल्या बायकांना शकुबाईचा हेवा वाटायचा.

गेल्या महिन्यात हिंगोलीच्या डॉक्टरनं ती बाटली पाहिली आणि दगडोबाला एकट्यालाच आत बोलावलं.

"हे स्टिरॉइडचे थेंब इतकी वर्षं घातले? यानं डोळ्यातला दाब वाढला, मागची नस वाळली. गेलेली नजर परत येत नाही, बाबा. नव्या थेंबांनी उरलीय तेवढी सांभाळायची."

वयामुळं झालंय, एवढंच त्यानं शकुबाईला सांगितलं. खरं सांगायला रोज तोंड उघडायचा आणि पाणी पिऊन गप्प बसायचा.

उजव्या डोळ्यात थेंब घालायचा अजून राहिला होता, तेवढ्यात शेजारची गोजरबाई नातीला कडेवर घेऊन आली.

"भाऊजी, लेकराचे डोळे बघा की कसे लाल झाले. भुसा गेला. ते तुमचे गार थेंब हायेत का?"

शकुबाईचा चेहरा खुलला. कमरेची पिशवी चाचपून तिनं अर्धी बाटली काढली.

"म्या टाकून दिली न्हाई. घे, लगेच आराम पडंल."

दगडोबानं ती बाटली मधेच धरली.

"न्हाई. पोरीला डॉक्टरकडं ने."

"काहून? शकुबाईला तर बराबर गुण आला व्हता."

पोरगी मुठीनं डोळे चोळत होती.

"यानंच तिची नजर गेली," तो म्हणाला. "म्याच घातले."

गोजरबाई पोरीला घेऊन निघून गेली. शकुबाई तशीच बसून राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर दगडोबाला बरं वाटलं असतं. एका हातात जुनी बाटली तशीच धरून त्यानं नवी उचलली.

"उजवा राहिलाय," तो कसाबसा म्हणाला.

"हातात कोणची हाय?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"नवी हाय," म्हणत त्यानं ती तिच्या तळहातावर ठेवली. तिनं बोटांनी चाचपून पाहिली, झाकण फिरवून पाहिलं. दोन्ही बाटल्या हाताला सारख्याच लागत होत्या.

बाटली परत देऊन तिनं मान मागं टाकली. डोळा मात्र गच्च मिटून घेतला होता.