शेऱ्याची ओळ

"इथे माणसं भेटत नाहीत, बाई. मेल टाका," दारावरचा पहारेकरी म्हणाला.

"मेल टाकता आली असती तर पहाटेची बस कशाला धरली असती मी?" तारवाली म्हणाली. "तुमच्याच ऑफिसनं बंद पाडलीय आमची मेल."

काचेच्या दारामागे गार हवा होती, एक न वापरलेला सोफा होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सरकत होते : प्रत्येक जाळ्याची अचूक नोंद.

पहारेकऱ्याने तिची पिशवी तपासली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टीचे वेटोळे. "पक्कड आत नेता येणार नाही."

"ठेवून घ्या. साहेबांचे दात उपटायला नाही आलेय मी. अजून तरी."

तो हसला. मी नोकरीला लागल्यापासून इथे कुरिअरवाल्याशिवाय कोणी आलेले नाही, म्हणाला. त्याने वर फोन लावला, ऐकून घेतले आणि ठेवला. "मेल टाका म्हणतात."

"मग बसते मी. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

संध्याकाळपर्यंत, हे ती उगीच म्हणाली नव्हती. आज हे नोंदणी कार्यालय बंद होताना तिच्या जाळ्याचा क्रमांक मोकळा होणार होता. मोकळा म्हणजे कोणालाही देता येण्याजोगा. आणि एकदा तो दुसऱ्याला गेला की त्या जाळ्यावर चालणारे डोंगरातले सगळे दवाखाने पुन्हा जगाला जोडायला किती महिने अर्ज करावे लागतील, याचा हिशेब तिने बसमध्ये मांडायला घेतला होता आणि अर्ध्यात सोडून दिला होता.

इंटरनेट हे एक जाळे आहे असे लोक समजतात. खरे तर ती हजारो जाळ्यांची मोट आहे. प्रत्येक स्वतंत्र जाळ्याला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली नोंदणी कार्यालयात एक जाहीर कबुली लिहिलेली असते : आम्ही कोणकोणत्या शेजाऱ्यांकडून माहितीच्या ये-जा करण्याचे रस्ते घेतो, कोणाला आमचे रस्ते देतो. शेजारची मोठी जाळी ही नोंद रोज वाचतात आणि त्यावरून ठरवतात, कोणाला ओळख द्यायची. नोंद असेल तर तुम्ही आहात. नसेल तर तुमचे टॉवर उभे असोत, दिवे लुकलुकत असोत, जगाच्या लेखी तुम्ही नाही.

तिच्या दादाने त्यांच्या जाळ्याची ही नोंद केली तेव्हा ती टॉवरवर होती. त्यांची वाटणीच तशी होती. दादा खाली बसून शेजाऱ्यांशी बोलायचा, नोंदी लिहायचा; ती शिडी चढायची. दवाखान्यांच्या संस्थेने दोघांना ठेवले होते आणि पगार दीड माणसाचा होता. "अर्धी तू की अर्धा मी?" असे दादा दर महिन्याला विचारायचा. दवाखान्यातल्या सिस्टर तिला तारवाली म्हणत. तार जोडायची असली की हाक, तार तुटली की शिव्या. दादाला कोणीच काही म्हणत नसे. तो दिसतच नसे.

उन्हाळ्यात दादा गेला. दहा मिनिटांत गेला, जेवता जेवता.

तिने दुःख बाजूला ठेवून पहिले काम केले ते हे की नोंदीत संपर्क व्यक्ती म्हणून दादाऐवजी आपले नाव लावण्याचा अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडून. कार्यालयाचे उत्तर दादाच्या फोनवर आले : आपल्या जागी नवीन व्यक्ती नेमण्यास आपली संमती आहे का? हो. नाही.

तिने कुठलेही बटण दाबले नाही. सरळ उत्तर लिहिले की हा माणूस वारला आहे, दाखला पाठवला आहे, मी त्याची बहीण. त्यानंतर काही आले नाही. आणि मागच्या आठवड्यात वरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. "अगं तारवाले, झोपलीस का? म्हातारीच्या खुब्याचा एक्स-रे जाईना. मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर ओरडतायत, फोटो कुठाय म्हणून."

ती दिवसभर टॉवरवरून टॉवरवर फिरली. सगळे शाबूत होते. शेवटी तिने शेजारच्या मोठ्या जाळ्यातल्या इंजिनिअरला गाठले. तो ओशाळून म्हणाला, "ताई, आम्ही काही केलं नाही हो. आमचं यंत्र नोंद वाचतं. तुमची नोंद काढून टाकलीय त्यांनी. क्रमांक मोकळा करायची तारीखही लागलीय."

म्हातारीचा एक्स-रे पेनड्राइव्हवर, बसच्या ड्रायव्हरच्या खिशातून शहरात गेला. पोचेपर्यंत म्हातारी तशीच पडून होती.

लिफ्ट उघडली. पहारेकरी छताकडे बघत पुटपुटला, "चष्मेवाले, नोंदीचे साहेब. मी काही सांगितलं नाही."

तारवाली उठून त्याच्या वाटेत आडवी आली. चष्मेवाल्या अधिकाऱ्याच्या हातात जेवणाचा डबा होता. तिने क्रमांक सांगितला. तो दचकला, क्रमांक त्याच्या ओळखीचा होता.

"ते जाळं तर मेलंय."

"मी तिथूनच येतेय," ती म्हणाली.

तो तिला कडेच्या छोट्या खोलीत घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. डबा बाजूला ठेवून त्याने लॅपटॉप उघडला आणि नीट समजावून सांगू लागला. संमती आली नाही, म्हणून संपर्क व्यक्ती असत्यापित, म्हणजे खात्री न झालेली. असत्यापित, म्हणून रस्त्यांची नोंद स्थगित. त्यानंतर तीन सूचना पाठवल्या. तिन्ही परत आल्या. मेल पोचत नाही, म्हणजे जाळं बंद.

"सूचना कुठे पाठवल्यात?"

"नोंदीतल्या पत्त्यावर."

"तो पत्ता आमच्याच जाळ्यातला आहे, साहेब. नोंद काढल्यावर बाहेरची मेल तिथं पोचणार कशी?"

तो पडद्याकडे बघत राहिला. हे त्याला कळत नव्हते असे नाही. एका क्षणात कळले, आणि तेच तिला सहन होईना.

"आधी तुम्ही रस्ता उखडलात," ती म्हणाली, "मग त्याच रस्त्यानं टपाल पाठवलंत, आणि टपाल परत आलं म्हणून लिहून टाकलंत की घरात कोणी नाही."

"हे सगळं आपोआप होतं, ताई. कोणी मुद्दाम..."

"कोणीच नाही, तेच तर म्हणतेय मी! तिथं एक बाई मोडका खुबा घेऊन पडलीय आणि इथं कोणीच काही केलेलं नाही."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. मग जरा पुढे झुकून, जणू तिच्या भल्यासाठी, हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू का? ती संमतीची मेल आली होती ना, तेव्हाच 'हो' दाबून टाकायचं होतं. फोन तुमच्याकडेच होता. सगळे दाबतात."



"मेलेल्या भावाच्या नावानं?"

"म्हणजे, नुसतं बटण..."

"म्हणजे मी खोटं बोलले असते तर सगळं सुरळीत चाललं असतं. खरं लिहिलं म्हणून दवाखाने बंद." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझा भाऊ मेला, हे तुम्हाला कागदावर चाललं नाही. जाळं जिवंत आहे, हे मी समोर उभी राहून सांगतेय, ते चालत नाही. मग तुम्हाला चालतं तरी काय?"

त्याने नियमांचे पान उघडले. बहुधा तिच्याकडे बघायला लागू नये म्हणूनच उघडले असावे, पण वाचता वाचता थांबला.

"नोंदीत प्रसिद्ध केलेल्या कोणत्याही मार्गाने संपर्क साधून खात्री करावी," तो म्हणाला. "कोणत्याही, असं आहे इथं. यंत्रात फक्त मेल बसवलीय."

"नोंद शेवटपर्यंत वाचा. शेऱ्याची ओळ."

त्याने नोंद खाली सरकवली. तळाशी, जिथे हवे ते लिहिता येते आणि बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत, तिथे दादाने लिहिले होते : अडचण आली तर फोन करा. टॉवरवर असलो तर वारा ऐकू येईल, ओरडून बोला. आणि पुढे नंबर.

"शेरा यंत्र वाचत नाही," अधिकारी म्हणाला.

"तुम्ही?"

त्याने ओळीतला नंबर पुन्हा वाचला.

"लावा मग फोन."

"आत्ता? तुम्ही समोरच बसलाय की."

"समोर बसलेली मी तुमच्या नियमात नाही. फोन आहे. लावा."

त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि पडद्यावर बघून आकडे दाबले. तिच्या पिशवीत, टेस्टरच्या शेजारी, दादाचा फोन वाजू लागला. घरातून निघताना ती आपला फोन एखादे वेळी विसरे. हा कधीच नाही. तिने तो काढला, थोडा वाजू दिला आणि कानाला लावला.

"हॅलो," अधिकारी म्हणाला. त्याचा आवाज तिला दोनदा ऐकू आला, एकदा टेबलापलीकडून आणि मग अर्ध्या क्षणाने कानात. "नोंदणी कार्यालयातून बोलतोय. संपर्क व्यक्ती आहेत का?"

"नाहीत. उन्हाळ्यात वारले."

"तुम्ही कोण?"

"धाकटी बहीण. आता टॉवरही मीच बघते आणि नोंदीही मीच."

"जाळं चालू आहे?"

"चालू आहे. बंद कधीच नव्हतं."

"ऐकून वाईट वाटलं," तो फोनमध्ये म्हणाला.

"चार महिन्यांपूर्वी केला असतात हा फोन," ती म्हणाली, "तर तेव्हाही मीच उचलला असता." आणि तिने फोन ठेवला.

पुढचे काम किरकोळ होते. त्याने क्रमांक मोकळा करायचा आदेश रद्द केला आणि रस्त्यांची नोंद पुन्हा चढवली. मग संपर्क व्यक्तीच्या रकान्यात कर्सर नेला आणि दादाचे नाव शेवटच्या अक्षरापासून मागे मागे खोडत आला. तिने बघितले. रकाना रिकामा झाल्यावर त्याने तिचे नाव विचारले आणि टंकले.

"शेरा ठेवू की काढू?"

"राहू दे."

दारावर पहारेकऱ्याने पक्कड परत दिली. "झालं काम?"

"काम माझं नव्हतंच. त्यांचं होतं."

बस स्टँडच्या बाकावर ती बसली होती तेव्हा सिस्टरचा फोन आला. "जायला लागले गं फोटो! कुठं होतीस दिवसभर?" म्हातारी कशी आहे, असे तिने विचारले. ऑपरेशन उद्या, सिस्टर म्हणाली, उशीर झाल्याबद्दल डॉक्टर मलाच बोलले.

ऊन उतरले. दादाचा फोन एकदा थरथरला. रस्ता खुला झाल्याबरोबर, कुठेतरी अडून राहिलेली एक मेल येऊन पोचली होती. सकाळीच सुटलेली, आपोआप.

प्रिय संपर्क व्यक्ती, अंतिम स्मरणपत्र. आपल्या जागी नवीन व्यक्ती नेमण्यास आपली संमती आहे का?

खाली दोन बटणे होती. तिने अंगठा दोन्हींपासून लांब धरून मेल बंद केली. बॅटरी थोडीच उरली होती. स्टँडवरच्या खांबाला चार्जिंगची जागा होती. पण तिथले भोक सैल झाले होते आणि पिन टिकत नव्हती. तिने पिशवीतून चिकटपट्टी काढली, पिन घट्ट बांधली आणि बस येईपर्यंत फोनपाशी उभी राहिली.