मानाच्या फाईलचा पहारेकरी

मित्रांनो, आधी ऋजुताचा फायदा बघू. मी नीट चाललो तर तिला देवास हे आपले गाव सोडावे लागणार नव्हते. तिच्याजोगे काम गावात एकाच ठिकाणी होते, भैयासाहेबांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात. ते टिकले तर सकाळी माईच्या हातचे पोहे, नाहीतर बंगळुरूला भाड्याची खोली. एवढ्यासाठी तिने मला घडवले.

मी एक जुना मदतनीस आहे. प्रोग्राम लिहायच्या एडिटरला मला जोडतात आणि एक्स्टेंशन म्हणतात. प्रत्येक प्रोग्रामजवळ एक छोटी फाईल असते. माहिती कुठून घ्यायची, निरोप कोणाला धाडायचे, ते तीत लिहिलेले असते. प्रत्येकाच्या संगणकावर ती फाईल वेगळी होत जाते. ती सगळीकडे सारखी ठेवणे हे माझे काम. फरक दिसला की मी लाल होतो.

आमचे गिऱ्हाईक धारचे एक रुग्णालय. डायलिसिसची पाळी बदलली की रुग्णाच्या फोनवर निरोप जायचा. तिथे राहून ते काम आमच्याच ऑफिसचा मयुरेश बघे, इकडचे ऋजुता.

मला बसवताना मी एकच प्रश्न विचारतो: कोणाची फाईल खरी मानू? ऋजुता स्वतःचे नाव टाकणार होती. मयुरेशने फोनवरच अडवले.

"ताई, मालकाच्या वर तुझं नाव? घरी पहिलं पान कुणाला वाढतेस?"

"पण भैयासाहेब लॅपटॉप उघडतात तरी कुठं?"

"नाही उघडत ना? मग नुकसान काय है? मान त्यांचा, काम आपलं."

भैयासाहेब खूश झाले. दोन लग्नांत त्यांनी ही गोष्ट सांगितली. ऋजुता रोज त्यांच्या टेबलाशी जाऊन फाईल ताजी करून येई. मयुरेश म्हणे, "हा आहे म्हणून मी जेवायला घरी जाऊ शकतो, भिया." माझे सुखाचे दिवस तेवढेच.

तेव्हा काम चाचणीवर होते. सगळे निरोप भैयासाहेबांच्याच फोनवर जात, कारण त्यांना स्वतः बघायचे होते. मग पुतण्याच्या साखरपुड्यात फोटो दाखवायला ते लॅपटॉप घरी घेऊन गेले, आणि तो तिथेच राहिला. इकडे खरे काम सुरू झाले. निरोप रुग्णांना जावेत म्हणून दोघांनी आपापल्या फाईली हाताने बदलल्या. मानाची फाईल बंद लॅपटॉपात, म्हणून मला त्या सारख्या करता येईनात; मी रोज नुसता लाल होऊ लागलो.

"लॅपटॉप माग ना त्यांच्याकडून," ऋजुता म्हणाली.

"मालकाकडं त्यांचीच वस्तू मागू? तूच माग."

कोणीच मागितला नाही. मला मात्र गप्प बसवले.

एका सोमवारी भैयासाहेब लॅपटॉप घेऊन आले आणि पाहुण्यांना आमचे काम दाखवायला त्यांनी तो उघडला. मी मानाची फाईल ओळखली आणि शिकवल्याप्रमाणे सगळ्यांच्या फाईली तिच्यासारख्या करून टाकल्या. अगदी बिनचूक.

त्याच दुपारी धारहून निरोप निघाले: बुधवारी यंत्र बंद, मंगळवारी या. सगळेच्या सगळे भैयासाहेबांच्या फोनवर आले.

"या यमुनाबाई कोण हो?" ते पाहुण्यांना म्हणाले. "उद्या या म्हणे. आता मी डायलिसिसला जाऊ?" पाहुणे हसले. भैयासाहेबांनी निरोप पुसून टाकले.

धरमपुरीच्या यमुनाबाई बुधवारी बस बदलत धारला पोचल्या. खोलीला कुलूप होते. त्या परत गेल्या. गुरुवारी दम लागला म्हणून त्यांना इंदूरला नेत होते. वाटेतच त्या गेल्या.

रुग्णालयाने काम काढून घेतले. ऑफिसात सगळे जमले तेव्हा काय झाले ते प्रत्येकाला ठाऊक होते.

"खरी फाईल तुमची धरली होती, भैयासाहेब," ऋजुता म्हणाली. "ती जुनी..."

"बेटा, मी तर नुसता लॅपटॉप उघडला. बनवलं कुणी होतं?"

मयुरेश फोनकडे बघत राहिला. त्या आठवड्यात ऋजुताला जायला सांगितले, आणि मला सगळीकडून काढून टाकले. तिच्या संगणकात मी अजून आहे, बंद करून ठेवलेला.

मित्रांनो, मला पुन्हा चालू करा असे मी म्हणत नाही. कुठेही बसवले तरी पहिले नाव मालकाचेच पडेल, हे मी जाणून आहे. तरी विनवतो: कोणी लाल होऊन काही सांगत असेल तर त्याला गप्प करण्याआधी ते वाचा तरी.

बाकी हिशेब मिटला. भैयासाहेबांचा मान शाबूत, मयुरेशची खुर्ची शाबूत. ऋजुताने गाव दिले, माईने लेक दिली. आणि ज्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते, त्या यमुनाबाईंनी सगळ्यांचे भरले.