उभ्या घोड्यांची लढाई

मी भालाईत बोलतोय. कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या काळच्या लढायांच्या खेळातला, डाव्या फळीच्या तिसऱ्या रांगेतला. तुम्ही मला पाहिलं असलंत तरी ओळखणार नाही, कारण आमच्या अख्ख्या पलटणीला एकच तोंड दिलेलं आहे. पण आज मी बोलणार. माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म एका कचेरीत झाला. तिथे एक माणूस अंगाला चिकटलेले काळे कपडे घालून, हातात झाडूचा दांडा धरून खोलीभर चालला. त्याची चाल तीच माझी चाल. त्याला घरी जायची घाई असावी, म्हणून मी अजूनही जरा लगबगीनेच चालतो. एका बाईंनी जुनी चित्रं समोर ठेवून माझी ढाल मन लावून रंगवली. त्या लोकांना कामाची चाड होती. त्यांनी आम्हाला साधा नियम घालून दिला. समोरून आलेल्या घोड्याला भाला अडवतो, बाजूने आलेला घोडा भालेवाल्याला झोपवतो, आणि तिरंदाज दोघांनाही लांबून टिपतो, पण कुणी जवळ पोचलं की तो संपलाच. कुणीच सगळ्यांना भारी नाही. एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

आमचे सेनापती, म्हणजे आम्हाला खेळवणारे बाबा, छापखान्यात खिळे जुळवायचे. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात गेला. ज्या बोटांवर सगळं आयुष्य काढलं तीच बोटं चहाचा कप धरीनात. घरात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले. जावई तर एकेक शब्द सुटा करून बोलायचा, जणू कानच गेलेत यांचे.

मुलगी तेवढी बदलली नाही. ती दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात काम करायची. तिने हा खेळ वडिलांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला आणि म्हणाली, "बाबा, डाव्या हाताने माउस धरा. रविवारी दुपारी मी तुमच्यावर चाल करून येणार आहे."

आणि ती आली की हो! फोनचा स्पीकर चालू ठेवून दोघं आपापल्या घरून लढायची. लढाईपुरते बाबा तिला 'सरकार' म्हणायचे. सरकार भारी निर्दय. एकदा बाबा औषधाची गोळी घ्यायला उठले, तेवढ्यात तिने आमचा पूल जाळला. बाबा हरायचे आणि संध्याकाळी शेजाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "आज पोरीने धुऊन काढलं मला." हळूहळू डावा हात वळला. अधूनमधून आम्ही जिंकू लागलो. त्या डाव्या हाताने बाबांनी नदीपर्यंतचा मुलूख मिळवला. ती जीत कुणी ओंजळीत घातलेली नव्हती, म्हणून तर ते दिवसभर शीळ घालत हिंडायचे.

मग आलं ते एक्सपान्शन. म्हणजे जुन्या खेळाला विकत घेऊन जोडायचा नवा भाग. नवी राज्यं, नवी शस्त्रं, केवढा गाजावाजा! मुलीने ते बाबांच्या वाढदिवसाला भेट दिलं.

काय सांगू तुम्हाला त्याचे प्रताप! आमची गलबतं डोंगरावर चढून बसली. मेलेला राजा दरबारात येऊन हुकूम सोडू लागला. राजकन्या पाळण्यात असतानाच सासरी गेली. किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा, आणि आमची पलटण त्याच्यासमोर घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरतेय. नव्या राज्याचे गोफणवाले तर विचारूच नका. अंगावर धड कपडा नाही, पण त्यांच्या खड्याने चिलखतासकट घोडेस्वार आडवा! ज्या बाईंनी माझ्या ढालीवर जीव ओतला त्यांनी हे पाहिलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना? जगभरचे खेळणारे वैतागले, तक्रारींचा पाऊस पडला. खेळ बनवणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर: "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." मोलाचं आहे तर वाचा की!

हेही मी सोसलं असतं. पण घोड्यांचं जे झालं ते मला सोसवलं नाही.

नव्या भागात एक खोट राहिली होती. खेळ ज्याच्या कॉम्प्युटरवर मांडलेला असेल त्याचे घोडे नीट धावायचे. बाहेरून जोडून घेणाऱ्याचे घोडे शत्रूच्या जवळ येऊन नुसते उभे राहायचे. आणि खेळ कायम बाबांच्याच घरी मांडलेला. रविवारी मुलीचे घोडेस्वार धुरळा उडवत आमच्या बाजूने आले. मी मनात म्हटलं, संपलो. तर हातभर अंतरावर सगळे थांबले. एक घोडा मान घालून गवत खाऊ लागला. बाबांनी हुकूम दिला आणि आम्ही त्या उभ्या जनावरांना भोसकलं. शरमेने माझी मान खाली गेली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

बाबांनी माउस सोडला. "खरं सांग, मुद्दाम थांबवतेस ना घोडे?"

"नाही हो बाबा. गेमच खराब आहे."

"माझे घोडे बरे धावतात?"

"ते मला नाही माहीत. पण मी थांबवले नाहीत."

बाबांनी शर्टाच्या बटणांवरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, "तुझी आई हळूच माझ्या शर्टाची बटणं लावते आणि म्हणते, बघा, तुम्हीच लावलीत. मी ऐकून घेतो. पण निदान तू तरी माझी कीव करू नकोस गं."

त्यांनी फोन ठेवला. कॉम्प्युटरवर चादर पडली.

मी आत नुसता तडफडत होतो. मला ओरडून सांगायचं होतं की अहो, तुमच्या पोरीने असं काही केलेलं नाही! पण मला बनवणाऱ्यांनी तीनच शब्द दिलेत: 'आज्ञा', 'हल्ला' आणि 'पळा'. एका माणसाच्या घरात मानाने हरण्याची एकच जागा उरली होती, तीही या लोकांनी घाईघाईत माल विकायच्या नादात मोडली. मध्यंतरी त्यांनी दुरुस्ती पाठवली. त्यात आमच्या टोपांवरच्या तुऱ्यांचा रंग सुधारला होता.

मुलीने रजा काढली आणि थेट घरी आली. येताना स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. इतर खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचून तिला ती खोट कळली होती. बाबा म्हणाले, "मला काही वाचून दाखवू नकोस. माझी समजूत काढायला काहीही मिळेल तुला."

"नाही वाचत. नवा भाग काढून टाकते, मग खेळू. पण बाबा, तुमचं राज्य आता त्याच्यातच साठवलंय, तेही जाईल. नदीपर्यंतचं सगळं."

बाबांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "काढ," ते म्हणाले.

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला आपल्या कॉम्प्युटरसमोर बाबा. नवी मोहीम, आम्ही उघड्या माळावर. लढाईला तोंड लागलं आणि नेमका बाबांचा हात अवघडला. "थांब जरा, बोट अडकलं."

"नाही थांबणार."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अगं, सांभाळून घे ना त्यांना थोडं."

मुलीने मान वर केली नाही. तिचे डोळे भरले होते, पण घोडे सुटले होते. आमच्या डाव्या बाजूने आले, थांबले नाहीत. पहिली रांग गेली, दुसरी गेली. माझ्या छातीवर टाप पडली आणि मी उताणा झालो. अहाहा, काय ते मरण! पडल्या पडल्या वरून बाबांचं हसणं ऐकू आलं. पोट धरून, ठसका लागेपर्यंत हसत होते.

"निर्दय आहेस," ते म्हणाले. "परत मांड."

तेव्हापासून मी जुन्या खेळातच आहे आणि बहुतेक रविवारी मरतो. खेळ बनवणाऱ्यांनो, तुमची नवी राज्यं आणि तुमचे रंगीत तुरे तुम्हालाच लखलाभ. विकण्याआधी एकदा स्वतः खेळून बघत जा. पलीकडे कोण बसलंय आणि हरणं त्याच्यासाठी काय आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.