लखोटेबाबाचा कौल

पांढरकवड्याहून केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक टिनाची शेड आहे. तिच्यापुढे सकाळी आठलाच दीड-दोनशे माणसं बसलेली असत. कोणाला बदली हवी, कोणाला पोराची नोकरी. पण खरा मान ठेकेदारांचा. ते तोंडाला दुपट्टा बांधून येत, गाडी दूर बाभळीखाली लावत आणि मागच्या पडद्याआड जात. सरकारी टेंडरचं पाकीट उघडण्याआधीच लखोटेबाबा विजेत्याचं नाव सांगतो, अशी ख्याती होती. ती शेडही सदाशिवराव नावाच्या ठेकेदारानं तीन कामं मिळाल्याच्या आनंदात बांधून दिली होती. दारावर तसा फलकच होता.

"टेंडर वरतीच उघडते," बाबाचा चेला नानाजी गर्दीला समजावत होता. "हापिसात नुसतं वाचून दाखवतात. इंजिनेर म्हंजे काय, पोस्टमन हाये."

लोक माना डोलावत होते. जेबा तेवढी घड्याळाकडे पाहत होती. नानाजीनं रजिस्टरात तिच्या अब्बांचं नाव, गाव, कामाचं नाव लिहून घेतलं आणि तो आत गेला. बोलावणं यायला बरोबर वीस मिनिटं लागली. जेबा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. कुठे किती वेळ गेला, हे मोजायची तिला सवय लागली होती.

अब्बा म्हणजे बशीरभाई. लहान ठेकेदार. सागपोडच्या आरोग्य उपकेंद्राच्या इमारतीचं टेंडर त्यांनी भरलं होतं. कागदपत्रं जेबानंच ऑनलाइन चढवली होती. काम मिळालं तर बाबूसिंग मिस्त्रीच्या चौदा माणसांना सहा महिने घराजवळ मजुरी होती. नाही मिळालं तर त्यांना बायकापोरं मागे ठेवून हैदराबाद गाठावं लागणार होतं.

"किती पाकिटं?" बाबानं डोळे मिटूनच विचारलं.

"सहा, बाबा."

"पाकिटं सहा, नशीब एक. वरचं अंदाजपत्रक येगळं असते बशीरभाई. तिथं कमी दर चालत नाई, साफ मन चालते."

बाबानं एक कोरा कागद धरला. तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडलं. कागदावर हळूहळू गुलाबी अक्षरं उमटली: शेख बशीर. अब्बांचे डोळे भरून आले.

"दोन पथ्यं," बाबा म्हणाला. "कागद कोणाले दाखवायचा नाई. अन् वर्क ऑर्डर हाती येईपर्यंत हापिसात, कम्पुटरात डोकवायचं नाई. डोकावलं का कौल फिरते."

घरी पोचेपर्यंत अक्षरं नाहीशी झाली होती. "नाव वर पोचलं," अब्बा समाधानानं म्हणाले.

जेबानं तो गुलाबी रंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत शेकडो वेळा पाहिला होता. फिनॉल्फ्थॅलीन. त्यानं लिहिलेलं वीस मिनिटांत वाळतं आणि मग दिसत नाही. चुन्याची निवळी, म्हणजे बाबाचं तीर्थ, पडली की गुलाबी होतं. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा जोर उतरवतो तसा रंग पुन्हा जातो. तिनं अब्बांच्याच साइटवरचा चुना पाण्यात कालवला, वरची निवळी कागदावर शिंपडली. शेख बशीर परत हजर.

अब्बांनी पाहिलं. "मंग? चुन्यातबी त्याचीच कुदरत हाये, बेटा."

सोमवारी तांत्रिक छाननीचा निकाल संकेतस्थळावर लागला. जेबानं तो वाचला. सहापैकी तीन निविदा बाद. अब्बांच्या नावापुढे लिहिलं होतं: अपात्र, तत्सम कामाचा दाखला जोडलेला नाही. दाखला तर तिनं स्वतः जोडला होता, एकेचाळिसाव्या पानावर. आक्षेप नोंदवायला गुरुवारी पाचपर्यंत मुदत होती. पण तो ठेकेदाराच्या डिजिटल सहीनंच जाणार आणि सहीचा पेनड्राइव्हसारखा डोंगल अब्बांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला.

"अब्बा, पान नंबर एवढाच लिहायचा हाये. एक ओळ."

"बाबानं सांगतलं होतं, डोकावलं का कौल फिरते."

"कौल तं आधीच फिरला."

"तू डोकावली म्हणून फिरला. आता गप राय, तोच सांभाळून घेईन."

जेबानं मनात हिशेब केला. काम मिळालं तर बाबा खरा, गेलं तर आपण चुकलो. जिच्यात हरायची सोयच नाही, ती परीक्षा कसली? पण असं म्हणून किल्ली मिळत नव्हती. मंगळवार गेला, बुधवार गेला.

बुधवारी रात्री झोपताना तिच्या ध्यानात आलं की टेंडर भरणारे ठेकेदार एकमेकांना काहीच सांगत नाहीत. दर तर नाहीच, कुठल्या देवाला गेलो तेही नाही. बाबाचं पहिलं पथ्य त्यांच्या अंगातच होतं. मग बाकीचेही बाबाकडे गेले असतील तर त्यांच्या कागदावर कोणाचं नाव उमटलं असेल?

गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती राळेगावला गेली. बाद झालेल्यांतले विठ्ठलराव तिथले. ते शेतावरून परत येईपर्यंत दोन वाजले.

"काका, तुमच्या कागदावर कोणाचं नाव आलतं?"

विठ्ठलरावांनी चपलेची माती झटकली. "माझंच. पण कोणाले सांगजो नको, पोरी."

"अब्बांच्या कागदावर अब्बांचं आलं."

त्यांनी मोटारसायकल काढली. साडेचारला दोन्ही कागद साइटवरच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. निवळी शिंपडली. एकाच कामाचे दोन विजेते गुलाबी झाले.

"विठ्ठलराव, तुम्हीबी गेलते?" अब्बांनी विचारलं.

"मले वाटलं, मीच कुठं पथ्य मोडलं." त्यांनी तिसऱ्या बाद ठेकेदाराला, नयनला, फोन लावला. त्याच्या कागदावर त्याचंच नाव होतं.

अब्बांनी कमरेची किल्ली सोडून दिली. घर, कपाट, डोंगल, रखडणारं इंटरनेट. पाच वाजून सात मिनिटांनी पान उघडलं: मुदत समाप्त.

दुसऱ्या दिवशी बांधकाम कार्यालयात इंजिनिअर साहेबांनी निविदा उघडून एकेचाळिसावं पान समोर घेतलं.

"दाखला आहे," ते म्हणाले. "पाहायचा राहिला असेल."

"मंग दुरुस्त करा, साहेब," अब्बा म्हणाले.

"मुदतीत आक्षेप आला असता तर केलं असतं. आता मला हे पाहता येत नाही."

पान त्यांच्या डोळ्यांसमोर उघडं होतं.

काम उरलेल्या तिघांतल्या सदाशिवरावांना मिळालं. शेडवर दुसरा फलक लागला, गर्दी वाढली. बाबूसिंग थापी-ओळंबा पिशवीत घालून निरोप घ्यायला आला. "मालक, कागदावर तं तुमचंच नाव होतं ना?" त्यानं साधेपणानंच विचारलं.

नयनचाही कागद मागवून घेऊन जेबा आणि विठ्ठलराव तीन कागदांसह शेडपुढे गेले. तिनं सगळ्यांसमोर तिन्ही नावं उमटवली.

"पण सदाशिवरावले तं मिळालं," कोणीतरी म्हणालं.

"सहातल्या एकाला मिळणारच होतं," जेबा म्हणाली. " येणाऱ्या प्रत्येकाला त्याचंच नाव दाखवलं, की एकाचं खरं ठरतंच. तो फलक लावतो."

"मंग बाकीचे बोलले काहून नाई?" पुढे बसलेल्या मैनाबाईंनी विचारलं.

"लाज वाटली, माय," विठ्ठलराव म्हणाले.

मैनाबाई उठल्या. आणखी दोघं उठले. बाकीचे नंबर धरून बसले ते बसलेच. तिकडे सागपोडच्या उपकेंद्राच्या पायाचे चर मजुरांच्या दुसऱ्याच टोळीनं खणायला घेतले होते.

जेबा अजूनही भेटेल त्याला हेच सांगते. चमत्कार फळलेल्या माणसाचं जरूर ऐका. पण ज्यांना तो फळला नाही, त्यांना शोधून त्यांचंही ऐका. आपापले कागद एकमेकांना दाखवा. आणि सरकारी माणूस चुकू शकतो. त्याची चूक वर आकाशात नाही, त्यानं लिहिलेल्या शेऱ्यात सापडते. तो शेरा वाचा. मुदत आहे तोवर वाचा.