सहावा अर्ज

ओक्हीला कुणी विचारलं असतं, की बाई, लेकीकडं तू आजवर काय मागितलंस, तर तिनं छातीठोकपणे सांगितलं असतं, एकच गोष्ट. आणि ते खरंच होतं. दुःख त्याचंच आहे.

मुखो बंदराच्या बाजारात तिचं सुक्या माकूल-मासळीचं दुकान. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. उरलं काय, तर दुकान आणि बारावीतली युरीम. सप्टेंबर लागला की बंदरावर ज्या घरात बारावीचं पोर असेल त्या घरात दुसरा विषय नसतो. नोव्हेंबरची मोठी परीक्षा व्हायच्या आधीच, शाळेतल्या कामगिरीवर सहा ठिकाणी अर्ज टाकता येतात. सहाच, सातवा नाही. कुणी सहाही उंच नेम धरून टाकतं, कुणी एखादा खाली टाकतं, पडलंच तर हाडं मोडू नयेत म्हणून.

युरीमला सहाही सेऊलला टाकायचे होते, सगळे समुद्रविज्ञानाचे. हे खूळ तिच्या डोक्यात आईच्या दुकानातूनच शिरलं होतं. ती लहान होती तेव्हा धक्क्याभोवती दोऱ्याच दोऱ्या आणि दोऱ्यांवर माकूलच माकूल वाळत असायचे. आता दोन दोऱ्या भरायची मारामार. "माकूल गेले कुठं, आई?" असं ती दुसरीत असताना विचारायची. ओक्ही म्हणायची, "मला काय विचारतेस, त्यांनाच जाऊन विचार." पोरीनं ते मनावर घेतलं, दुसरं काय!

ओक्हीला मात्र बसनं दीड तासावरच्या शहरातलं नर्सिंग हवं होतं. रोज नाही तरी दर शनिवारी घरी येता येईल असं.

वर्गशिक्षक ग्वाक सरांनी दोघींना बोलावून घेतलं.

"युरीमच्या आई, हा सहावा अर्ज टाकू नका. इथं तिचं नाव नक्की लागेल."

"मग झालं की! नक्की लागणार म्हणून टाकायचा नाही? सर, तुम्ही मास्तर लोक पण अजबच आहात."

"ऐकून तर घ्या. या सहांत कुठंही नाव लागलं, की मग परीक्षेच्या गुणांवर दुसरीकडं अर्ज करता येत नाही. प्रवेश घ्या नाही तर सोडा, त्या वर्षापुरती बाकीची दारं बंद. परीक्षेत पहिली आली तरी बंद. पोरं याला अपहरण म्हणतात."

ओक्ही मोठ्यानं हसली. "म्हणजे आईनंच पोरीला पळवलं म्हणायचं! अहो सर, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, एवढं आम्हा बाजारातल्या बायकांना कळतं. पाच तिचे, एक माझा. माझं घरात एवढंही चालत नाही का?"

सर युरीमकडं बघत राहिले. युरीम टेबलावरचा अर्जांचा तक्ता बघत राहिली.

"राहू दे, सर," ती म्हणाली. "सहावा आईचा. आणि आई, त्यांनी मुलाखतीला बोलावलं तर मी जाईन. शब्द."

त्या दिवशी ओक्ही बाजारात परतली ती सौदा पटल्यासारखी खूश होऊन. शेजारच्या दुकानातल्या योंगसुनला बोलावून तिनं सगळं दोनदा सांगितलं.

पाच अर्ज नोव्हेंबर येईपर्यंत एकेक करून गळाले. सहाव्याचं बोलावणं आलं. परीक्षा गुरुवारी, मुलाखत लगेच शनिवारी.

गुरुवारी ओक्हीनं डब्यात शेवाळाचं सूप दिलं नाही, त्या दिवशी ते कुणीच देत नाही, शेवाळ निसरडं, परीक्षेत पाय घसरतो म्हणे. संध्याकाळी युरीम घरी आली. हॉल तिकिटाच्या मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिनं आपली उत्तरं बारीक अक्षरात उतरवून आणली होती. जेवणाच्या टेबलावर बसून ती जाहीर झालेल्या उत्तरांशी एकेक ताडून बघायला लागली. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा बघताना तिचे कान लाल झाले होते.

"किती गं?"

"बरे आहेत," युरीम म्हणाली आणि आंघोळीला गेली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडतंय तोच ग्वाक सरांचा फोन. गुण बरे आहेत म्हणाली, असं ओक्हीनं सांगितलं.

"बरे म्हणाली? अहो, नऊ वर्षांत आमच्या शाळेत असे गुण कुणाला पडले नाहीत! सेऊलला तिला हवा तोच विभाग मिळेल. फक्त उद्या तिला मुलाखतीला नेऊ नका. गैरहजर राहिली की नाव लागत नाही, आणि नाव लागलं नाही की ती मोकळी."

"मग तिलाच सांगा ना."

"काल रात्री फोनवर सांगितलं. ती म्हणते, आईला शब्द दिलाय. पाया पडतो तुमच्या, तिला तुम्हीच मोकळं करू शकता."

"बघते," ओक्ही म्हणाली.

'बघते' म्हणजे काय, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर तिनं एकाच गिऱ्हाइकाला दोनदा माकूल बांधून दिले. रात्री जेवताना तिनं तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, "भात वाढू?" एकदा म्हणाली, "किमची आंबलीय जरा." तिसऱ्यांदा नुसतंच मिटलं. समोर दोन वाट्या होत्या. मार्चमध्ये लेक सेऊलला गेली की एकच मांडायची. बाईला भीती वाटत होती, दुसरं तिसरं काही नाही. नवरा गेल्यावर ती रडली होती, पण घाबरली नव्हती, कारण पलीकडच्या खोलीत कुणीतरी पुस्तकाची पानं उलटत असायचं.

शनिवारी बसमध्येही ती मूग गिळून बसली. दीड तास! लेक शेजारीच होती. खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि मांडीवरचा घडीचा कागद वाचत लेक ओठ हलवत होती. बोलायला याहून चांगली वेळ कुठली असते? पण नाही.

कॉलेजच्या फाटकाशी बायकांची ही गर्दी. कुणी जपमाळ ओढत होती, कुणी लेकाच्या हातात गोळी कोंबत होती. शाळा ओळखू येऊ नये म्हणून मुलाखतीला गणवेश चालत नाही, तेव्हा युरीमनं आईचं काळं जाकीट घातलं होतं. खांद्यात ते सैल होत होतं. तिनं वरचा जाड कोट काढून आईच्या हातात दिला, घडीचा कागद त्याच्या खिशात कोंबला.

"फोन आत काढून घेतात, आई. उशीर झाला तर काळजी करू नकोस."

"नीट बोल," ओक्ही म्हणाली. "मनापासून बोल."

युरीमनं मान हलवली आणि ती गेली.

ओक्ही पायरीवर बसली. हात गारठले म्हणून कोटाच्या खिशात घातले, तर कागद हाताला लागला. वरच्या बाजूला मुलाखतीचे प्रश्न होते आणि पोरीच्या अक्षरात उत्तरं. तिनं सहज उलटा केला. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आई, मला उद्या जायचं नाही.' त्यावर काट. खाली, 'आई, रागावू नकोस, पण ऐक.' त्यावरही काट. त्याखाली नुसतं 'आई,' आणि पुढं कोरं.

म्हणजे बसमध्ये पोरगी हे वाचत होती? मुलाखतीची उत्तरं पाठ करावीत तसं आईशी बोलायचं पाठ करत होती? आणि मी खिडकीतून समुद्र बघत बसले!

ती उठली ती धावतच दारापाशी. दाराला आतून कडी. काचेपलीकडं दंडाला स्वयंसेवकाची पट्टी बांधलेली एक मुलगी उभी होती. ओक्हीनं काच वाजवली, तेव्हा तिनं दार बोटभर उघडलं.

"काकू, साडेबारा वाजून गेले. आता आत कुणाला सोडत नाहीत."

"मला यायचं नाही गं. माझ्या लेकीला बाहेर बोलव. युरीम तिचं नाव. म्हणावं, आई बोलावतेय. आई म्हणतेय चल घरी."

"आत कुणालाही निरोप देता येत नाही. बाहेरून काही कळवलं असं होतं ते."

"अगं, तिला आत काही कळवायचं नाहीच! तिला नापास करायचंय मला!"

मुलगी बावरली. मागून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा वाकून माफी मागितली आणि दार लावलं. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. बाजूच्या बायकांनी जपमाळा थांबवून तिच्याकडं बघितलं. एकीनं विचारलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" ओक्हीनं मान हलवली, म्हणजे हो की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दोन तास दहा मिनिटं ती कोट उराशी धरून बसली.

युरीम बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा दिसत होता. ओक्हीनं तिच्या खांद्यावर कोट टाकला.

"काय विचारलं?"

"इथंच का यायचंय, असं विचारलं. पाठ केलेलं तोंडाशी आलं होतं. मग म्हटलं, आई मनापासून बोल म्हणाली आहे. मग खरंच सांगितलं. म्हटलं, माझ्या आईनं आजपर्यंत माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, ती ही." युरीमनं नाक पुसलं. "मुलाखत घेणाऱ्यांत एक बाई होत्या ना, त्यांचे डोळेच भरून आले. लागेल नाव, आई. नक्की लागेल."

ओक्हीनं तिच्या कोटाची वरची गुंडी लावली.

"मी तुला परत न्यायला आले होते," ती म्हणाली.

"कुठं?"

"दारापर्यंत. तुझा कागद वाचला. बोलाव म्हटलं, कुणी बोलावलं नाही."

युरीमनं खिशात हात घातला, कागद चाचपला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाली, "बस चुकेल, आई, चल." बसमध्ये तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, पण झोपली नाही, ते ओक्हीला कळत होतं.

डिसेंबरात गुणपत्रक आलं, चिठ्ठीवरून मोजलेल्या गुणांशी तंतोतंत जुळणारं. पाठोपाठ यादी लागली. नाव होतं. योंगसुन ओरडतच आली, "युरीमच्या आई, तांदळाच्या वड्या कुठंयत? की सगळ्या एकटीच खाणार?" ओक्हीनं वड्या आणल्या, साऱ्या बाजारात वाटल्या, प्रत्येकीपुढं वाकली. लोक म्हणाले, भाग्यवान आहेस, लेक जवळच राहिली. ती हो म्हणाली.

संध्याकाळी दुकान आवरताना युरीम दोरीवरचे माकूल उतरवत होती. ओक्हीनं तिच्या हातातली काठी काढून घेतली.

"पुढच्या वर्षी परत बस परीक्षेला."

"वेडी आहेस का? पुन्हा ते अख्खं वर्ष?"

"नको असेल तर नर्सिंगला जा, मी चकार शब्द काढणार नाही. पण बसलीस तर सहाच्या सहा अर्ज तुझे. माझा त्यात एकही नको." तिनं काठी भिंतीला टेकवली. "मी पळवलं तुला. सर म्हणाले तेव्हा मी हसले."

युरीम दोरीकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

"आणि तू? एकटी राहशील?"

"राहीन की. न राहायला काय झालं?"

"खोटं बोलतेस."

"हो, खोटं बोलतेय," ओक्ही म्हणाली. "तरी राहीन."